नळी आणि गेज

मार्तंड सरांची जुनी डिझेल जीप चिखलीच्या गॅरेजात उभ्या उभ्या थरथरत होती आणि काळा धूर ओकत होती. मेकॅनिक कय्यूमनं इंजिन बंद केलं, धूर परत इंजिनात वळवणाऱ्या व्हॉल्व्हची रबरी नळी तोंडात धरली आणि हवा ओढली. आतला पडदा धड असला की त्या ओढीनं व्हॉल्व्हची दांडी वर येते. हवा ओढून तपासायचं गेज म्हणजे ज्याच्या तोंडात दम नाही त्याचं खेळणं, असं तो नेहमी म्हणायचा.

दांडी हलली नाही.

"पडदा फाटला, सर. नवा व्हॉल्व्ह लागन."

या उन्हाळ्यात जो तो व्हॉल्व्ह फाटलेलाच कसा निघतो, हे काही त्याला उमगत नव्हतं.

"पाहू बरं," म्हणत सत्तरीच्या सरांनी गंमत म्हणून नळी तोंडात घेतली. दांडी टुणकन वर आली आणि तिथंच राहिली.

कय्यूमनं नळी हिसकावून घेतली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढली. दांडी जागची हलली नाही, खोकल्याची उबळ तेवढी आली.

"मंग फाटलं ते काय, कय्यूम?"

तो बॉनेटला धरून श्वास गोळा करत राहिला.

"उद्या या, सर," तो म्हणाला. "मी गेज घेऊन येतो."