चढलात, आता उतरून दाखवा

"आजी, ही बॅटरीची तीनचाकी स्कूटर इथंच ठेवावी लागेल. आणि त्या चार पायऱ्या चढून दाखवाव्या लागतील."

गाडीच्या फलाटाखाली उभा शिट्टीवाला माणूस पन्नाशीचा होता, बोलायलाही मऊ होता, तरी मला त्याचा रागच आला. चौतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते मी. चढून दाखवा हे मी लोकांना सांगायचं, लोकांनी मला नव्हे.

"गाडीत तर बसूनच फिरायचं ना? मग पायऱ्यांचं काय?"

"गाडी वर अडकली तर रुळाशेजारच्या जिन्यानं उतरावं लागतं, आजी. सोबतच्या मुलाला घेऊन. नियम आहे."

नियम बरोबर होता, तेच तर दुखणं. उंच खांबांवरून सगळ्या थीम पार्कला फेरी मारणारी ती छोटी रेल्वे. सात वर्षांच्या मुलांना एकटं बसू देत नाहीत, सोबत मोठं माणूस लागतं. माझी नात चिमणी सकाळपासून त्या गाडीचाच घोषा लावून बसली होती. तिच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, आठवा महिना, तोही जुळ्यांचा. उरले मी.

आणि खरं सांगायचं तर प्रश्न गाडीचा नव्हताच. सोमवारी लेकीला दवाखान्यात भरती व्हायचं होतं, ते थेट बाळंतपण होईपर्यंत. जावई बोटीवर. दोन महिने चिमणीला ठेवायचं कुठं? मी म्हणत होते माझ्याकडे. लेक म्हणत होती सासूबाईंकडे, दुसऱ्या गावी. आठवडाभर आमचं यावरूनच वाजत होतं. तोंडानं ती एवढंच म्हणायची, "आई, तुला झेपेल का गं?" पण बघायची माझ्या डाव्या खुब्याकडे.

त्यात सकाळी तिच्या हातात आयतं कोलीत मिळालं. फुगेवाला दिसला नि चिमणी सुसाट पळाली. मी स्कूटरचा खटका दाबला, हॉर्न वाजवला, पण दोन खांबांमधून पोरगी निघून गेली आणि माझा रणगाडा अडकला. रणगाडा हे चिमणीनंच ठेवलेलं नाव. तीन मिनिटं ती दिसेना. लेक पोट धरून धावली. पोरगी सापडल्यावर लेक मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून त्या चार पायऱ्या मला चढायच्याच होत्या.

"आई, राहू दे ना," लेक म्हणाली.

"तू बाकावर बस गुपचूप. पाय सुजलेत बघ तुझे."

रांगेतून एक बाई ओरडल्या, "अहो, आटपा की लवकर!"

"आटपतेय! तुमची गाडी काही पळून जात नाही," मी म्हणाले आणि उठले.

दोन्ही हात कठड्यांवर. चांगला पाय आधी वर, मग दुखरा. हजार लोकांना शिकवलं असेल मी हे. एक. दोन. तिसऱ्या पायरीला खुब्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड मात्र हसरं ठेवलं, कारण लेक बघत होती. चौथी.

"झालं! बसा आजी," शिट्टीवाला खालून म्हणाला. चिमणी माझ्यामागून टणाटण उड्या मारत वर आली. लेक बाकावरून उठून उभी राहिली होती, डोळ्यांत पाणी.

"आई, जिंकलीस बाई तू! ठेवते तिला तुझ्याकडेच. आत्ताच सासूबाईंना कळवते."

बस्स. हवं ते मिळालं होतं. डब्याचं दार दोन पावलांवर होतं. मुकाट्यानं जाऊन बसायचं की नाही?

पण चौतीस वर्षांची खोड. आमच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात लाकडी पायऱ्या ठेवलेल्या असत. घरी सोडण्याआधी रोगी त्या चढायचा, नातेवाईक पिशव्या भरून तयारच असायचे. मी म्हणायचे, "चढलात, आता उतरून दाखवा." एका शिंप्याला तेवढं तसंच सोडलं. त्याची बस सुटत होती, बायको गयावया करत होती, मी पाघळले. तिसऱ्या दिवशी स्ट्रेचरवरून परत आला. स्वतःच्याच घरचा जिना उतरताना पडला होता. चढताना माणूस जिद्दीवर चढतो. उतरताना खरं काय ते कळतं.

"थांबा," मी म्हणाले. "उतरून दाखवते. चिमणे, हात दे."

"अहो आजी, त्याची गरज नाही."

"तुम्हाला नसेल."

चिमणीचा हात माझ्या उजव्या हातात, डावा हात कठड्यावर. दुखरा पाय आधी खाली. टेकला, भार दिला, आणि खुब्यातला जोरच गेला. पुढचं मी ठरवून केलं नाही. माझा हात तिच्या हातातून सुटला आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरला. मी वाचले. चिमणी तोल जाऊन खाली गेली. शिट्टीवाल्यानं झेप घेऊन तिला धरलं.

"आजी, तू हात सोडलास," ती म्हणाली. रागावली नव्हती, तिला नवल वाटलं होतं.

"हो गं बाळा. सोडला."

लेक पर्समध्ये वाकून फोन शोधत होती. तिला काही दिसलं नव्हतं. शिट्टीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. भला माणूस. मघाशी ओरडलेल्या बाईच पुढे आल्या, म्हणाल्या, "आमच्याबरोबर बसू दे पोरीला," आणि चिमणी उड्या मारत डब्यात शिरली. तासाभरात सगळं विसरली असती. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

त्या भल्या माणसानं मला धरून उतरवलं, स्कूटरवर बसवलं. मी लेकीपाशी गेले.

"लागला फोन?"

"रिंग जातेय. सांगते, चिमणी आईकडेच राहणार."

"नको. त्यांच्याकडेच ठेव."

"आई! अगं, आत्ता तर चढलीस!"

"चढले. उतरता आलं नाही. तिचा हात सोडला मी."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. फोनमधून विहीणबाईंचं हॅलो हॅलो चाललं होतं. मी फोन तिच्या हातातून घेतला. ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला चार्ज द्यायचा असतो, एकेका रोग्याचं सगळं सांगून. न सांगता निघून जायचं नसतं.

"विहीणबाई, चिमणी तुमच्याकडे येतेय. कागद-पेन घ्या. डाव्या कानात पाणी जाऊ देऊ नका, लगेच ठणकतो. गोळी गिळत नाही, चुरून द्या. अंधाराला भिते, पण विचारलंत तर नाही म्हणेल. विचारू नका, नुसता दिवा ठेवा. आणि..."

मला फार रडू येत होतं, आणि विहिणीसमोर मला रडायचं नव्हतं.

"आणि काय?" त्यांनी विचारलं.

"जिना उतरताना तिचा हात धरा. तुम्ही पडलात तरी चालेल, हात सोडू नका."



"लिहून घेतलं," विहीणबाई म्हणाल्या.