फडक्याखालचं केळं

या, असे जवळ सरका. टाळ ठेवा मांडीवर. बुवांचा चहा होईपर्यंत एका केळ्याची गोष्ट सांगते, आपल्याच अक्कलकोट रोडच्या मारुतीच्या देवळातली.

पायरीशी चंद्रव्वा केळी विकते, ठाऊकच आहे तुम्हाला. गेल्या सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी प्रसादाच्या केळ्यात अळ्या वळवळल्या. कमिटीचे अध्यक्ष दिग्विजयराव कडाडले, "हिच्या केळ्यातच किडे जन्मतात! काल्याला हिचं केळं नको, अन् पायरीवर हिची पाटीही नको."

चंद्रव्वाचं घर त्या पाटीवर चालतं. "अय्यो! मी काय किडं पेरते व्हय रे केळात?" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

दिग्विजयरावांची पुतणी पायल कॉलेजात जीवशास्त्र शिकते. ती मध्ये पडली. "काका, अळ्या केळ्यातच जन्मतात, हे कुणी तपासलंय?"

"तपासायचं काय त्यात? दिसतंय की!"

"अळ्या दिसतात. आल्या कुठून, ते कुठं दिसतंय?"

तिनं चंद्रव्वाच्या एकाच फणीतली दोन केळी सोलून दोन बरण्यांत ठेवली. एक बरणी उघडी. दुसरीच्या तोंडाला धोतराचं विरविरीत फडकं बांधलं. दोन्ही देवापुढच्या फळीवर, शेजारी शेजारी. "केळं तेच, जागा तीच, हवा दोन्हींना. फरक काय तो फडक्याचा, त्यातून माशीला आत जाऊन अंडी घालता येणार नाहीत. केळ्यातच किडे जन्मत असतील तर दोन्हींत होतील. काल्यापर्यंत थांबा."

कीर्तनाला त्या वर्षी गर्दी का वाढली, ते वेगळं सांगायला नको. अर्धे लोक अभंग ऐकायचे, अर्धे बरण्या बघायचे.

आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही बरण्यांत अळ्या!

"झालं समाधान?" दिग्विजयराव म्हणाले. चंद्रव्वा पाटी आवरायला लागली. पायलचा चेहरा उतरला, पण तिनं फडकं सोडून आत डोकावलं. केळ्यावर तुळशीचं पान!

"हे कुणी ठेवलं?"

आमचे वीणेकरी भीमाअण्णा पुढं आले. "मीच की. देवापुढं बिननैवेद्याचं कसं ठिवायचं, बाळ? रोज सांजंला फडकं सोडून पान ठिवतो. जरा वेळ उघडंच ठिवतो, देवाला वास जायला नगं?"

सगळं देऊळ हसलं. चंद्रव्वा तेवढी हसली नाही. "अण्णा, देव जेवला, माशी बी जेवली, अन् उपाशी मी!"

"म्हणजे आपण जिंकलो," मी पायलला म्हटलं.

"नाही काकू. अजून काहीच ठरलं नाही. ताजी केळी घेऊन पुन्हा करायचं." मग भीमाअण्णांकडे वळून म्हणाली, "अण्णा, नैवेद्य आधी दाखवा. दोन्ही बरण्यांना. मग गाठ मारू, आणि राखण तुमची."

पुढचे दिवस अण्णांची वीणा गळ्यात नि डोळा बरणीवर. फळीजवळ कुणी गेलं की "ए, लांब!"

काल्याच्या सकाळी सगळ्यांसमोर गाठ सुटली. उघड्या बरणीत नुसती वळवळ. फडक्याखालचं केळं काळं पडलेलं, पाणी सुटलेलं, पण अळी एक नाही.

दिग्विजयरावांनी दोनदा चष्मा पुसला. "मग माश्या येतात कुठून?"

चंद्रव्वानं पाटीमागं बोट केलं. तिथं देवळाचं निर्माल्याचं पिंप होतं, फुटक्या नारळांनी काठोकाठ भरलेलं. "तुमचंच हाय की ते, अध्यक्षसाहेब."

पिंप दिग्विजयरावांनी स्वतः ढकलत लांब नेलं. काल्याला केळी चंद्रव्वाचीच वाटली, आणि तेव्हापासून तिच्या पाटीवर पांढरं फडकं असतं.

बुवा आलेच. एवढंच मागणं आहे, आज प्रसादाचं केळं हातावर पडलं की देवाच्या जोडीनं चंद्रव्वाची आठवण काढा. भीमाअण्णांची नाही काढली तरी चालेल. ते स्वतःच करून देतील.