आकड्यावरची पिवळी पट्टी

मित्रांनो, सिनेमागृहाच्या दाराशेजारी भिंतीत पोस्टर लावण्यासाठी जी काचपेटी असते, तशी मी एक जुनी काचपेटी आहे. माणसे आपल्या आयुष्याच्या गोष्टी सांगताना कडू भाग गाळतात. मला ते जमणार नाही, कारण माझ्या आयुष्यातला जो भाग सांगण्यासारखा आहे, तोच नेमका कडू आहे. सांगताना मला अजून किळस येते.

एका सुताराने मला तीन आठवडे खपून बनवले. जाड लाकडाची चौकट, पुढे उघडणारे काचेचे दार, आत वर-खाली दोन ट्यूबलाइट आणि पाठीला प्लायवूडचा फळा. त्या फळ्यावर खळ लावून पोस्टर चिकटवत. नवे पोस्टर आले की जुने काढण्याचे कष्ट कोणी घेत नसे, त्याच्यावरच नवे बसे. त्यामुळे वर्षागणिक मी आतून जाड होत गेले.

सुरुवातीची वर्षे सुखाची होती. माणसे माझ्यापुढे उभी राहून आज यावे की रविवारी, याच्या वाटाघाटी करत. शाळेतल्या मुली माझ्या काचेत बघून वेण्या सारख्या करत. बाजूच्या दुकानातले टेलरमास्तर तर रोज दुपारी येऊन माझ्यासमोर भांग पाडत आणि "काय झकास पेटी आहे," असे न चुकता म्हणत. मी फुशारून जाई. मला वाटे, मी दाखवते म्हणून लोकांना सिनेमा कळतो.

दारावर तिकिटे फाडायला एक मावशी होत्या. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन असतो, सिनेमा कोणत्या वयासाठी आहे हे सांगणारा. तो चौकोन मावशी माझ्यात वाचून ठेवत आणि दारात उभ्या राहून पोरासोरांना परत पाठवत. एकदा मिशी फुटलेला एक मुलगा म्हणाला, "मावशी, मी अठराचा आहे." मावशी म्हणाल्या, "मग आईला घेऊन ये, तिलाही कळू दे." तो परत आला नाही.

एका सुट्टीच्या हंगामात एक सिनेमा लागला. त्याचे नाव मी घेणार नाही, त्याची पुरेशी जाहिरात झाली आहे. पोस्टरवर कापसाचा पांढरा ससा होता, फुगे होते आणि झोपाळा होता. सिनेमात मात्र कापाकापी, रक्त आणि किंकाळ्या. कोपऱ्यातल्या लाल चौकोनात अठराचा आकडा होता. त्या सिनेमाच्या प्रसिद्धीचे काम एका साहेबांकडे होते. कडक इस्त्रीचे कपडे, तोंडात सतत पेपरमिंट आणि बोलणे असे की, ऐकणारा विरघळावा. मावशी त्यांना मागून 'मधाचं बोट' म्हणत.

गुरुवारी दुपारी साहेब पिवळ्या कागदी पट्ट्यांची गुंडाळी घेऊन आले. पट्टीवर लिहिले होते, 'लहानथोरांसाठी सुट्टीतली धमाल'. त्यांनी मावशींकडून मला उघडवून घेतले आणि स्वतःच्या हाताने एक पट्टी बरोबर त्या लाल चौकोनावर चिकटवली.

"साहेब, आकडा झाकला जातोय," मावशी म्हणाल्या.

"झाकलाय मावशी, पुसलेला नाही. आहेच तो तिथं."

"आणि कोणी विचारलं तर?"

"विचारेल त्याला सांगा की. न विचारणाऱ्याच्या डोक्याला ताप कशाला?"

सिनेमागृहाचे मालक शेजारीच उभे होते. त्यांनी बुटाकडे पाहिले आणि ते आत निघून गेले. ती ओली खळ माझ्या फळ्यावर ओघळत होती. अंगावर कोणी थुंकावे तसे मला वाटले. पण काचपेटीला तोंड नसते. संध्याकाळी ट्यूबलाइट लागल्या आणि मी ती पट्टी छान उजळून दाखवली.

शनिवारी तीनच्या खेळाला एक आजोबा आले. बरोबर सहा-सात वर्षांची नात होती. सशाचे चित्र पाहून ती माझ्या काचेला नाक लावून उभी राहिली. मावशींनी तिकिटे हातात घेतली, पण फाडली नाहीत.

"आजोबा, हा मुलांचा नाही हो. मोठ्यांचा आहे."

आजोबांनी चष्मा सावरला आणि माझ्याकडे बोट दाखवले. "अहो बाई, हे काय लिहिलंय? लहानथोरांसाठी. आणि हा ससा कोणासाठी काढलाय मग?"

साहेब तिथेच होते. पहिल्या दिवसांची गर्दी टिपायला त्यांनी फोटोग्राफर आणला होता. ते हसत पुढे आले. "मावशींचं सोडा आजोबा. त्या तिकिटं फाडतात, सिनेमा मी ओळखतो. खुशाल जा." आणि त्यांनी मुलीच्या गालाला हात लावला.

आजोबांनी मावशींवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. हे मी कसे विसरू?

अर्धा तास झाला नसेल. आजोबा नातीला उचलून बाहेर आले. तिच्या फ्रॉकवर उलटी झाली होती. ती रडत नव्हती. रस्त्यावर काहीच आवाज नव्हता, तरी तिने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते. आजोबा माझ्यासमोर थांबले. माझे काचेचे दार नुसते लोटलेले होते. त्यांनी ते उघडून नखाने पट्टीचे टोक उचलले, खालचा आकडा पाहिला आणि टोक पुन्हा हलकेच दाबून बसवले, जणू त्यांचीच काही चोरी सापडली होती. "माझं चुकलं गं बाळा," एवढेच ते म्हणाले. तेवढ्यात फोटोग्राफरने फोटो काढला.

मला वाटले होते, साहेब आता तरी पट्टी काढतील. चार दिवसांनी ते एक मोठा फोटो घेऊन आले. आजोबांच्या खांद्यावर ती मुलगी, कान दाबलेली, डोळे विस्फारलेले. खाली ठळक अक्षरे, 'ही चिमुकली अर्ध्यातून पळाली! तुमच्यात आहे हिंमत?' तो फोटो माझ्यातच, सशाच्या पोटावर लावला गेला. आधी मुलांना फसवून आत घ्यायचे आणि मग त्यांच्या भीतीचीही जाहिरात करायची. लोक थांबून फोटो पाहत, हसत आणि तिकिटे काढत. माझ्यातला उजेड त्या मुलीच्या तोंडावर पडत होता. मला स्वतःचीच शिसारी आली.

मावशींनी दुसऱ्या दिवशी फोटो काढायला हात घातला, तर मालकांनी त्यांना कामावरून काढले. तो सिनेमा सात आठवडे चालला.

पुढे लोकांचे सिनेमागृहात येणे कमी झाले, मग सिनेमागृहच बंद पडले. मी कित्येक वर्षे धूळ खात पडून होते. अखेर एका कॉलेजच्या माध्यम विभागाने मला सूचनाफलक म्हणून नेले. तिथे मला एक मुलगी भेटली. ती प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारी, म्हणून वर्गात तिला सगळे 'शंका' म्हणत. सिनेमाची जाहिरात आणि वयाचे मानांकन यांचा एकमेकांशी काय संबंध, यावर तिला प्रकल्प करायचा होता. माझ्या फळ्यावरचे कागदांचे थर पाहून ती आपल्या शिक्षिकेला म्हणाली, "मॅडम, हे खरवडून टाकू नका. मला हवंय."

तिने ओला स्पंज आणि बोथट सुरी घेऊन आठवडाभर एकेक थर सोडवला. सशाच्या पोटावरचा फोटो उघडा पडला, मग पिवळी पट्टी, आणि ती सोडवल्यावर खालून लाल चौकोन. तिने मोजपट्टी घेऊन मोजमाप केले. सशाची उंची चाळीस इंच, आकड्याची पाऊण इंच. मॅडमना ते आवडले. "शीर्षक दे, 'प्रभावी प्रसिद्धीचा नमुना'," त्या म्हणाल्या.

"प्रभावी कोणावर, मॅडम?" शंकाने विचारले.

तेव्हा सिनेमागृहाच्या दारावर कोण असे, याची चौकशी करत करत शंकाने मावशींचे घर गाठले. मावशी आता पार थकल्या होत्या, तरी प्रकल्प मांडायच्या दिवशी त्या काठी टेकत आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. परीक्षक म्हणून बाहेरून एक नामवंत पाहुणे यायचे होते. पाहुणे आले आणि पेपरमिंटचा वास मी लगेच ओळखला.

"अरे, ही तर माझी पेटी," साहेब खुशीत म्हणाले. "मुलांनो, ही मोहीम बघून ठेवा. घाबरलेल्या एका चेहऱ्यावर आम्ही सात आठवडे काढले." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

शंका माझ्याजवळ उभी होती. तिने फोटोवर बोट ठेवले. "सर, हिचं नाव काय होतं?"

"गर्दीतला फोटो आहे गं. गर्दीला कसलं नाव?"

काही मुले हसली. मागून मावशी हळू आवाजात बोलल्या, "तिचे आजोबा तीनदा आले होते साहेब. फोटो काढा म्हणून हात जोडत होते. पोर शाळेत जाईना, मुलं तिला 'हिंमत' म्हणून चिडवायची. मला कामावरून काढलं होतं, पण मी समोरच राहायची. तुम्ही आत बसला होतात. तुम्ही आत आहात हे त्यांना मीच सांगितलं होतं."

"आठवत नाही बुवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिले. जाताना साहेबांनी गुणपत्रिकेवर शेरा लिहिला, 'विद्यार्थिनी भावनेच्या आहारी गेली आहे. विश्लेषण नाही.' मॅडमनी तो शेरा दोनदा वाचला. मग त्याखाली त्यांनी आपल्या अक्षरात लिहिले, 'सर्व मोजमापे मी तपासली. अचूक आहेत.' आणि सही केली.

वर्ग रिकामा झाल्यावर शंका मावशींना म्हणाली, "बघा, पुरावा आता कायम इथे राहील. येणारे सगळे बघतील."

मावशी काठी टेकत फोटोजवळ आल्या. "बघतील गं. पण त्या पोरीला अजून किती वर्षं लोकांनी बघायचं?"

शंकाचा चेहरा उतरला. हा फोटो म्हणजे तिच्या प्रकल्पाचा कणा होता, आणि अंतिम गुण अजून मिळायचे होते. ती उठली, स्पंज भिजवून आणला आणि फोटोच्या कडा ओल्या करू लागली. मावशी खालून कागद धरून होत्या. तो फाटू न देता सोडवायला दोघींना पाऊण तास लागला. मावशींनी तो घडी करून पिशवीत ठेवला. प्रकल्पाच्या वहीत फोटोसाठी ठेवलेल्या पानावर शंकाने फक्त लिहिले, 'येथे एका मुलीचा फोटो होता. तिला कोणी विचारले नव्हते.'

मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये आता माझ्यासारख्या हजार काचपेट्या आहेत आणि त्यांच्या दारात कोणी मावशी उभी नसते. लहान भावंडांना काही दाखवण्याआधी कोपऱ्यातला तो आकडा शोधा. तो झाकलेला असेल तर कोणी झाकला, हे मोठ्याने विचारा. आणि कोणाचे घाबरलेले तोंड हसण्यासाठी पुढे पाठवायला तुमचे बोट उचलले गेले, तर क्षणभर थांबा. मला थांबता येत नव्हते. बटण दाबले की मला उजळावेच लागे.