दुखऱ्या जागीच गुलाबी

मी एक जुना गुलाबी हिरा आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर त्याचा उरलेला तुकडा. तुमच्या सह्याद्रीचा कातळ अजून जन्मायचा होता, तेव्हाही मी ऑस्ट्रेलियाच्या भूमीखाली खोल अंधारात पडून होतो.

तेव्हा मला रंग नव्हता. मग वर भूखंडावर भूखंड आदळले आणि त्या रेट्याने माझं अंग पिरगळलं. आतले कण पदरापदराने सरकले. जिथे सरकले तिथेच गुलाबी रेघा उमटल्या. मधली जागा कोरी राहिली. बाहेरून कुणी रंग ओतला नव्हता. आणखी पिळला गेलो असतो, तर तपकिरी झालो असतो. दुखापतीतून हा रंग नेमका कसा येतो, ते जाणत्यांनाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. मला तरी कुठे ठाऊक आहे?

पुढे ज्वालामुखीने मला वर फेकलं, खाणीने उचललं आणि पर्थच्या कारखान्यात मी थेल्माच्या चाकावर आलो. ती हिऱ्यांना पैलू पाडायची. खाण बंद पडली होती, कारखानाही मिटणार होता. मी नीट उतरलो, तरच मालक तिला आपल्या दुसऱ्या दुकानात कामावर घेणार होता.

माझ्यासारख्या पिरगळलेल्या हिऱ्याला घासताना मध्येमध्ये उचलून निववावं लागतं, नाहीतर तो तापून तडकतो.

"थेल्मा, निवू दे गं त्याला," शेजारच्या बाकावरचा म्हातारा बर्नी म्हणाला.

"तू तुझा चहा निवव. एवढी बाजू झाली की त्याला उचलून उठतेच."

"मागेही असंच म्हणालीस, आणि उठलीस ती माझी बिस्किटं संपवायला!"

ती हसली. पण तिने मला उचललं नाही. उलट जरा जास्तच दाबलं. एकच कोपरा उरला होता.

मी तडकलो. अगदी गुलाबी रेघेवरच तडकलो.

चाक थांबलं. थेल्माने तुकडे तळहातावर घेतले.

"बर्नी, मालकाला तू सांगशील? माझ्याच्याने नाही व्हायचं."

"सांगतो. तू आधी खाली बस."

दुकानात दुसऱ्याच कुणाला घेतलं. थेल्माचा बाक रिकामा झाला. मी टाकाऊ तुकड्यांच्या डबीत पडलो. लवकरच मला कुटून, तेलात कालवून त्या दुकानातल्या चाकाला फासतील. हिऱ्याला हिराच घासतो ना!

मित्रांनो, कुणाचा रंग आवडला, तर तो जिथे उमटला आहे तिथे जपून हात ठेवा. तिथे तो माणूस एकदा मोडता मोडता राहिलेला असतो. उद्या त्या चाकावर माझाच एखादा गुलाबी भाऊ येईल, आणि त्याला घासणारी धूळ मीच असेन.