हिरवा दिवा लागलेला होता

मित्रांनो, मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पट्टी, सोनेरी दातांची रांग आणि एक बारीकसा हिरवा दिवा, एवढाच माझा संसार. सध्या एका घड्याळजींच्या खणात मोडक्या काट्यांशेजारी पडून आहे. तक्रार कसली करू? माझं चुकलंच आहे.

माझं काम सोपं होतं. वायरीतून आलेलं बोलणं संगणकाला द्यायचं आणि त्याचं बोलणं वायरीत सोडायचं. पण मला संगणकाची भाषा येत नाही. म्हणून ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम आमच्यात दुभाष्या असतो. माझ्या दुभाष्यात एक खोट होती. वायर सुटून पुन्हा लागली, की माझा दिवा लगेच पेटे, पण हा बावचळून गप्प बसे. वर संगणकाला सांगे, सगळं ठीक आहे! संगणक बंद करून पुन्हा लावला, तरच हा ताळ्यावर येई. वायर कधी सुटलीच नव्हती, म्हणून ही खोट कुणाला कळली नाही.

घड्याळजींना सगळे काटेमास्तर म्हणत. त्यांची एकुलती एक लेक, चिमणी, परदेशात नोकरीला. दर रविवारी चारच्या ठोक्याला ती पडद्यावर दिसायची. मास्तर साडेतीनलाच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसत. घरात फोन नव्हता की मोबाइल, त्यांना ते आवडतच नसे. संगणक मात्र रात्रंदिवस चालूच असे. "आपलं यंत्र एकदम चोख!" असं ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी आपला उगाच फुगून जाई.

एका रविवारी चिमणी म्हणाली, "बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या." मास्तर भडकले. "हा विषय पुन्हा काढायचा असेल, तर बोलूच नकोस!"

त्याच आठवड्यात मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, झाडू वायरीला अडकला. वायर सुटली. अक्कांनी ती लगेच लावली. माझा दिवा पेटला आणि दुभाष्या गप्प झाला.

रविवारी चार वाजले, साडेचार वाजले, पडदा कोराच.

"अरे, ते धूड एकदा बंद करून लाव की," अक्का म्हणाल्या.

"चालत्या यंत्राला मी हात लावत नाही, अक्का. चाळीस वर्षांचा नियम आहे. दिवा लागलाय, दिसत नाही का?" मग हळूच म्हणाले, "माझा शब्द धरून बसली पोरगी."

मित्रांनो, मी आतून ओरडत होतो. पण माझं ऐकणार कोण? पुढचा रविवारही तसाच गेला. सदरा घडी घालून पुन्हा कपाटात गेला.

तिसऱ्या रविवारी दुपारी वीज गेली. तासाभरानं आली. मास्तरांनी संगणक लावला, आणि अडकलेले निरोप धडाधड पडद्यावर आले.

"बाबा, उचला ना."

"बाबा, चुकले मी."

शेवटचा निरोप सहा दिवसांपूर्वीचा होता. "बाबा, आज ऑपरेशन आहे. आत जायच्या आधी एकदा तुमचा आवाज ऐकायचा होता."

मास्तरांनी घाईघाईनं तिला फोन लावायला घेतला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. शेवटी पडद्यावर चिमणी दिसली. पलंगावर पडलेली, चेहरा उतरलेला.

"आता बरी आहे मी, बाबा," ती म्हणाली. "भूल देताना डॉक्टरांनी विचारलं, घरी कळवू का? मी म्हटलं, नको, वडील बोलत नाहीत माझ्याशी."

मास्तर तोंडात सदऱ्याची बाही धरून रडत राहिले. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आता माझ्या जागी नवं कार्ड आहे. त्याचा दुभाष्या वायर सुटली तरी स्वतःच सावरतो. तरीही दर रविवारी साडेतीनला मास्तर संगणक बंद करतात आणि पुन्हा लावतात. चाळीस वर्षांचा नियम मोडलाय त्यांनी.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची निगा राखा, आम्हाला अधूनमधून तपासत जा. आणि माणूस गप्प झालं, तर दिव्याकडे बघत बसू नका, आपणच आधी हाक मारा. माझा दिवा दोन रविवार लागलेला होता, आणि त्या पोरीला एक शब्द पोहोचला नाही.