एका हाताने उघडणारी तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे, दुर्बिणीची. माझे तीन पाय पोकळ नळ्यांचे आहेत. त्या एकात एक सरकतात आणि मिटल्यावर मी जेमतेम हातभर उरते. माझ्या डोक्यावर गुडघ्यासारखा एक सांधा आहे, त्याला माउंट म्हणतात. दुर्बीण त्याच्यावर बसते आणि तो तिला हवी तिकडे वळवतो. मित्रांनो, आमचे कौतुक झाले ते आम्ही हलक्या आहोत म्हणून. पुढे त्याच हलकेपणाची मला फार लाज वाटली. ते कसे झाले, ते सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे नळ्या कापत, घासत आणि काळ्या रंगात बुडवत. एक बाई माझ्या पायांना चाप बसवत होती. चाप उघडला की पाय सरकतो, दाबला की जागच्या जागी घट्ट बसतो. ती प्रत्येक चाप अंगठ्याने उघडून पाही आणि अडखळला तर पुन्हा घासायला पाठवी. तिच्या त्या अंगठ्यामुळेच पुढे माझी निवड झाली.

दुर्बिणीच्या दुकानातून मी ज्या घरी आले, ते घर चष्म्याच्या दुकानाच्या वर होते. दुकान दोघा भावंडांचे होते. बहीण गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची आणि भाऊ काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. बहीण पन्नाशीची, पण भाऊ तिला अजून बेबीच म्हणे. गल्लीतली लहान मुले बेबीताई म्हणत. त्याला मात्र सगळेच दादा म्हणत, त्याच्याहून मोठी माणसेसुद्धा. दोघांनाही लहानपणापासून आकाशाचे वेड. घरात त्यांची थोरली तिपाई होती, लोखंडी पाइप जोडून दादानेच केलेली. तिला गच्चीवर न्यायला दोन माणसे लागत. एक पुढून ओढी, एक मागून ढकली, आणि दोघे मिळून तिला शिव्या घालत. मी आले तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती. नव्या सुनेने थोरल्या जावेकडे पाहावे, तशी मी तिच्याकडे पाहिले.

दादाला त्याआधी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. बोलणे पूर्ववत झाले, पण डावा पाय ओढत चालावे लागे आणि डावा हात नुसता सोबतीला उरला होता. काचा घासण्याचे काम आता एका कारागिराकडे होते. दादा गल्ल्यावर बसे, नाहीतर खिडकीत.

त्या वर्षी दूरच्या एका देशातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो आणि भर दिवसा अंधार पडतो, ते. दोघांनी ते जन्मात पाहिले नव्हते. त्यांच्या खगोल मंडळाने सहल ठरवली होती. विमानाने जायचे, म्हणजे थोरली चालणार नव्हती. विमानात नेता येईल अशी छोटी तिपाई हवी होती. ती निवडायचे काम दादाने आपल्या अंगावर घेतले.

दुकानदाराने आम्हा तीन तिपायांना आठवडाभर घरी नेऊन पाहायला दिले होते. दादाने फ्रेमच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून एक डबा केला. विमानात हातात नेऊ देतात त्या बॅगेच्या मापाचा. आम्ही एकेक त्यात आडव्या पडलो, तिरप्या पडलो. एक जण फारच भक्कम होती, पण तिचे पाय डब्याबाहेर आले. शिवाय तिच्या माउंटला मोटर होती आणि मोटरला बॅटरी. दादा म्हणाला, ही म्हणजे घोड्याच्या आधी खोगीर. दुसरी माझ्याहूनही हलकी. तिच्यावर दुर्बीण बसवून त्याने समोरच्या रस्त्याच्या टोकाला असलेली पाटी पाहिली आणि नळीवर टिचकी मारली. पाटीवरची अक्षरे नाचायला लागली, ती थांबेचनात.

"हलकी मिळणं सोपं आहे, बेबी," तो म्हणाला. "हलकी असून थरथरणार नाही, अशी मिळायला हवी."

मग माझी पाळी आली. टिचकी मारल्यावर मी थरथरले, पण लवकर सावरले. त्याने माझ्या मधल्या आकड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगली, तेव्हा तर मी हललेच नाही. मला वाटले, झाली निवड. पण दादाने मला पुन्हा मिटवले आणि मांडीवर घेतले. डावा हात तसाच बाजूला ठेवून उजव्या हाताच्या अंगठ्याने त्याने माझा चाप उघडला. पहिला पाय सुटला. मग दुसरा, मग तिसरा. त्याने मला जमिनीवर उभे केले आणि लहान मुलासारखे बहिणीकडे पाहिले.

"एका हाताने उघडते," तो म्हणाला. "मला हीच जमेल. हीच घेऊ आपण."

बेबीताई खिडकीशी उभी होती. ती हो म्हणाली आणि लगेच खाली दुकानात गेली. गिऱ्हाईक आले नव्हते. मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही.

दोनच दिवसांनी कळला. ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मंडळाने नावे मागितली तेव्हा कुणीतरी तिला दादाचे विचारले होते. ती पटकन बोलून गेली होती, त्याला नाही झेपायचे. एवढा लांबचा प्रवास, मध्ये विमान बदलायचे, माळरानावर तासन्‌तास उभे राहायचे. तिने स्वतःचे एकटीचे नाव दिले होते. दादाला विचारले नव्हते. विचारले असते तर तो हो म्हणाला असता, हीच तिची भीती होती. आता तो रोज उत्साहाने तिपाया मोजत होता, आणि तिची जीभ उचलत नव्हती.

दादाने एकदा जेवताना विचारले होते, तिकिटांचे झाले का. ती म्हणाली होती, "तिकिटाचं झालं." दादाने 'तिकिटांचं' असेच ऐकले. अनुस्वार एवढासा असतो, पण त्यात एक अख्खा माणूस मावतो.

मित्रांनो, तेव्हापासून मला अपराधी वाटू लागले. थोरली असती तर बेबीताईला एकटीने जाताच आले नसते. मी एवढी हलकी, एवढी सुटसुटीत, की तिला कुणाची गरजच उरली नाही. आणि ज्या हातासाठी मला निवडले होते, तोच हात मागे राहणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून सामान भरायला घेतले. बॅगा तोलायचा एक छोटा काटा असतो, त्याच्या आकड्याला बॅग अडकवून उचलायची. दादाने मला आणि दुर्बिणीला स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत नीट बसवले. मग तो आत गेला आणि पाय ओढत एक छोटी पिशवी घेऊन आला. दोन सदरे, औषधांचा डबा, एक लोकरीची टोपी. त्याने ती काट्याला अडकवून उचलली.

"माझं एवढंच," तो म्हणाला. "तुझ्या बॅगेत काही मावत नसेल तर यात टाक."

बेबीताई खाली बसली.

"दादा, तिकीट एकच काढलंय."

तो काटा हातात धरून उभाच राहिला. पिशवी हळूहळू गोल फिरत होती.

"जागा नव्हती का?" त्याने विचारले.

मित्रांनो, त्याने तिला पळवाट दिली होती. नुसते हो म्हणायचे होते. ती निसटली असती आणि त्यालाही बरे वाटले असते.

"होती," ती म्हणाली. "मी तुला विचारलंच नाही. तुला झेपणार नाही, असं मीच ठरवलं."

दादाने पिशवी खाली ठेवली. औषधांचा डबा काढून फळीवर परत ठेवला, सदरे खुंटीला लावले. टोपी तेवढी तिच्या बॅगेत टाकली. तिकडे वारा असेल, एवढेच म्हणाला. मग त्याने मला पुन्हा बाहेर काढले आणि माझे चाप कसे लावायचे, बाटली कुठे टांगायची, वारा आला तर मधला दांडा खाली कसा घ्यायचा, ते सगळे तिला दाखवले. आवाज नेहमीचाच होता. तो चिडला असता तर बरे झाले असते.

विमानतळावर तपासणीवाल्याने मला बाहेर काढून उलटेसुलटे केले आणि परत ठेवले. गडबडीत बॅगेची चेन अर्धी उघडी राहिली. त्या फटीतून मला समोरचे दिसत होते. विमानाच्या दाराशी चाकांच्या खुर्च्यांची रांग लागली होती. त्यात म्हाताऱ्या आजी होत्या, पायाला प्लास्टर घातलेला एक तरुण होता. गणवेशातली माणसे त्यांना गप्पा मारत आरामात ढकलत नेत होती, आणि सगळ्यांच्या आधी आत सोडत होती. बेबीताई त्या रांगेकडे पाहत राहिली.

ग्रहणाच्या दिवशी आम्ही एका उघड्या माळावर होतो. आभाळ स्वच्छ होते, वारा सोसाट्याचा. बेबीताईने टोपी घातली, मला उभे केले आणि पाण्याची बाटली टांगली. दुर्बिणीच्या तोंडावर काळा फिल्टर बसवला. सूर्याकडे दुर्बिणीतून कधीही उघड्या काचेने पाहायचे नसते, डोळा जातो. फक्त चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की तेवढा वेळ फिल्टर काढायचा आणि प्रकाश परत यायच्या आत लावायचा. तिला हे पाठ होते.

चंद्र सूर्याला कुरतडू लागला. प्रकाश पिवळट, मग करडा झाला. तिला राहवले नाही. तिने घरी फोन लावला, स्पीकर सुरू करून तो माझ्या पायाला फडक्याने बांधला. दादाने लगेच उचलला. ती काय बोलू, काय बोलू करत होती. शेवटी एवढेच म्हणाली की दादा, तू असायला हवा होतास.

तेवढ्यात अंधार झाला. सगळा माळ एकदम ओरडला. बेबीताईने दुर्बिणीला डोळा लावला आणि तिला काहीच दिसेना. नुसता काळोख. डोळे पाण्याने भरलेले, मन घरी. ती पुन्हापुन्हा माझा सांधा इकडे-तिकडे फिरवू लागली.

"बेबी," फोनमधून दादाचा आवाज आला, "लोक ओरडतायत. फिल्टर काढलास का?"

तिने फिल्टर काढला.

मी दुर्बिणीच्या खाली असते, मला कधीच काही दिसत नाही. पण तिचा श्वास थांबलेला मला कळला. सूर्याच्या जागी काळे वर्तुळ आणि त्याच्या भोवती पांढरे केस मोकळे सोडल्यासारखा प्रकाश होता, असे तिने नंतर सांगितले. तेव्हा ती दादाला सांगायला गेली, तर तो म्हणाला, "बोलू नकोस. वर बघ." आणि तो स्वतः तिकडे घड्याळावर सेकंद मोजत राहिला. थोड्या वेळाने त्यानेच सांगितले, आता लाव. तिने फिल्टर लावला आणि दुसऱ्या क्षणी उजेड आला.

"दिसलं?" त्याने विचारले.

"दिसलं."

"मग झालं तर."

फोन बंद झाला. बेबीताई माझ्या पायाशी मातीत बसून रडली. आसपासच्या लोकांना वाटले, आनंदाचे रडू आहे. एकाने तिला गोळी-चॉकलेटही दिले.

घरी परतल्यावर दादाने ब्रश घेऊन माझ्या चापांतली वाळू झाडली. तो एका शब्दानेही टोचून बोलला नाही आणि तेच तिला टोचत राहिले. ती त्याच्या ताटात जास्त वाढू लागली. त्याने मागायच्या आधी पाणी आणून देऊ लागली. एकदा ती म्हणाली की पुढच्या ग्रहणाला दोघे जाऊ, मी दोन तिकिटे काढते. तेव्हा मात्र दादाने हातातला चष्मा खाली ठेवला.

"पुन्हा तेच करतेयस," तो म्हणाला. "तेव्हा मला न विचारता वगळलंस, आता न विचारता धरतेयस. आधी विचार. मी नाही म्हणेन कदाचित. पण विचार."

तिने विचारले. मग विचार करून सांगतो म्हणत त्याने तिला चांगले पंधरा दिवस ताटकळत ठेवले. तेवढी वसुली त्याने केली. आणि मग हो म्हणाला.

काही वर्षांनी ते दोघे गेले. विमानतळावर खुर्ची ढकलणाऱ्याला दादाने चंद्र-सूर्य सगळे समजावून सांगितले. समुद्राकाठी एका हॉटेलच्या अंगणात त्याने मला एका हाताने उभे केले, अंगठ्याने चाप दाबले आणि वर पाहिले. वर ढग होते. एकसलग, राखाडी, हलायचे नाव नाही. बेबीताई ढगांकडे पाहत बसली. तिचा चेहरा मला पाहवेना. जे तिला एकटीला मिळाले होते, ते त्याला देणे आता तिच्या हातात नव्हते.

वेळ झाली आणि ढगांमागे अंधार पडला. पक्षी गप्प झाले, अंगणातले दिवे आपोआप लागले, गार वारा सुटला. दादा खुर्चीत मान वर करून बसला होता. उजेड आल्यावर तो म्हणाला, "फोनवर हे नव्हतं ऐकू आलं. पक्षी कसे एकदम गप्प झाले बघ."

बेबीताईने मान हलवली.

मित्रांनो, आता माझे दोन चाप झिजले आहेत आणि एका पायाला चीर गेली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर प्रवासाहून आल्यावर तिची वाळू झाडा, स्क्रू थोडे सैल करून ठेवा, ओली मिटवू नका. एवढे पुरे होते आम्हाला. माणसांचे मात्र तेवढ्याने भागत नाही. घरात कुणी सावकाश चालणारे असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही 'नाही' म्हणू नका. ते म्हणायचा हक्क त्याचा आहे. बेबीताईला दादाने केव्हाच माफ केले, पण स्वतःला माफ करणे तिला अजून जमलेले नाही.

आज आमच्या गच्चीवरून छोटे, खंडग्रास ग्रहण दिसते आहे. सूर्याचा एक कोपरा तेवढा झाकला जाईल. बेबीताईने मला उभे केले आहे, फिल्टर लावला आहे. ग्रहण सुरू होऊन बराच वेळ झाला. तिने अजून डोळा लावलेला नाही. ती जिन्याच्या दाराशी उभी आहे. दादा वर येतो आहे, पायऱ्या थोड्या उंच आहेत, आणि ती त्याला घाई करत नाही.