थांबलेलं चाक

चाक थांबलं होतं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. गिरणीवाला वायसन स्वतःच म्हणाला होता की मका अडकलाय, इंजिन बंद पडलंय, पट्टा सोडवतो. त्यानं वाकून पट्टा ओढला आणि इंजिनाचं ते थांबलेलं चाक उलटं फिरलं. पट्ट्यानं त्याचा हात खांद्यापर्यंत आत घेतला. दवाखान्याच्या वाटेवर, सायकलच्या कॅरियरवरच वायसननं प्राण सोडला.

"आता मला सांगा," आंब्याखाली जमलेल्या गावासमोर त्याचा भाऊ लॅक्सन म्हणाला, "थांबलेलं चाक कोण फिरवतं?"

सगळ्यांचे डोळे नासिबेको आजीकडे वळले. त्या वेळी गिरणीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ओंजळभर मक्यासाठी वायसननं तिला सकाळपासून ताटकळत ठेवलं होतं, आणि तीही तोंडाची फटकळ, "तुझं चाक तुलाच दळेल," असं म्हणून बसली होती. चेटकीण ठरलेल्या म्हाताऱ्यांचं आमच्याकडे पुढे काय होतं ते मी वेगळं सांगत नाही. शेजारच्या गावात तशा एका घराच्या काळ्या भिंती अजून उभ्या आहेत.

आजीनं मान वर केली नाही. "बोलण्यानं चाकं फिरत असती," ती पुटपुटली, "तर मी सकाळपासून ताटकळत कशाला बसले असते?"

एरवी यावर सगळे हसले असते.

तेव्हा फात्सानी उठली. ती माझी शेजारीण. गावच्या शाळेत ती भौतिकशास्त्र शिकवते, मी भूगोल. चारचौघांत ती कधी तोंड उघडत नाही, आणि आज ती गावप्रमुखांना म्हणत होती, बाबा, निवाड्याआधी सगळ्यांनी गिरणीत चलावं. मला वाटलं, आता हीही यात अडकणार.

भर दुपारी अख्खं गाव गिरणीत आलं. वायसनची माती झाल्यापासून कुणी तिथं पाय ठेवला नव्हता. बायका घरी उखळातच मका कांडत होत्या. फात्सानीनं सुटलेला पट्टा बाजूला केला, चाकाच्या कडेवर खडूची जाड खूण केली आणि लॅक्सनला हातानं चाक रेटायला सांगितलं. रेटता रेटता चाक जड झालं, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"आता फिरतंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग हातांना काय लागतंय?"

"ते मला ढकलतंय," लॅक्सन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

तिनं त्याला सोडून दूर व्हायला सांगितलं. चाक झपकन उलटं गेलं आणि बायका किंचाळून मागे सरल्या.

मग तिनं वर्गात सांगावं तसं सांगितलं. मुलं दरवर्षी एकच चूक करतात. चाकाला बसणारा पीळ, म्हणजे बल-आघूर्ण, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. कामाचं परिमाणही तेच. म्हणून मुलं दोन्हीकडे ज्यूल लिहून मोकळी होतात. पण काम व्हायला चाक फिरावं लागतं. पीळ मात्र चाक जागचं न हलताही असतो. इंजिनात हवा दाबली गेली होती, अडकलेल्या पट्ट्यानं चाक धरून ठेवलं होतं. वायसननं पट्टा सोडवला. थांबलेलं चाक रिकामं असतंच असं नाही.

शेवटी तिनं इंजिनावरची कळ वर केली. हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर गेली. एका बोटानं चाक फिरवून तिनं खूण वर आणली. "आता यात काही उरलं नाही," ती म्हणाली. गावप्रमुखांनी मान डोलावली. आजीला तिच्या सुनांनी धरून घरी नेलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

कुलूप लावायला आम्ही दोघी मागे राहिलो. मी दारात होते. आणि चाक फिरलं. सावकाश, आवाज न करता, अर्धा फेरा उलटं. खूण खाली गेली आणि तिथंच राहिली.

फात्सानीनं कळ पाहिली. ती वरच होती. पट्टा भिंतीशी पडला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिचे ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. लॅक्सन भावाची टोपी न्यायला परत आला होता.

तिनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाचं टोक ओढलं आणि ती खूण पुसून टाकली. हात त्या कडेला लावताना तिनं डोळे मिटले होते.

लॅक्सननं खिळ्यावरची टोपी काढली. चाकाकडे बराच वेळ बघत राहिला. "खूण पुसलीत, मॅडम?"

"प्रयोग झाला की फळा पुसायचा असतो."

"थांबलंय ना?"

"थांबलंय," फात्सानी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या वर्गावरून जात होते. एका मुलीनं विचारलं, कोनाचं परिमाण काय? फात्सानी म्हणाली की लांबीला लांबीनं भागलं की रेडियन मिळतो; मीटर, किलोग्रॅम, सेकंद, काहीच उरत नाही.

"मग मॅडम, कितीही फिरलं तरी काही उरत नाही?"

तिनं हातातला खडू खाली ठेवला. "खूण केली असेल," ती म्हणाली, "तर कळतं."

गिरणी आता लॅक्सन चालवतो. नासिबेको आजी रांगेत बसून सगळ्यांना टोमणे मारते. फात्सानी दर शनिवारी टोपलं घेऊन जाते, जावंच लागतं. तिनं जायचं सोडलं तर गाव 'का' म्हणून विचारेल, आणि मग पुन्हा आजीकडे वळेल. ती मला सोबत नेते. दळण संपतं, इंजिन बंद होतं, बायका पीठ झटकत हसत असतात. फात्सानी चाकाकडे पाठ करून उभी राहते आणि माझं मनगट घट्ट धरते.

"थांबलंय ना गं?"

मी न बघताच हो म्हणते.